ते पांढरं काय उडालं, सर?

खुर्ची पायानं भिंतीकडे सारायची, हे तिचं आल्याबरोबरचं पहिलं काम.

यवतमाळच्या माझ्या दवाखान्यात पेशंटसाठी एक गादीची खुर्ची आहे. गुडघ्याची माणसं तिच्यात हुश्श करून बसतात. ही बाई आली, खुर्ची बाजूला सारली आणि माझ्या टेबलासमोर फरशीवर उकिडवी बसली. टाचा उचललेल्या, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, मान वर. कुणी मागून पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणालं असतं, तर ती माझ्या टेबलावरून उडी मारून गेली असती.

“असं बसली का मधातच अटकते गुडघा,” ती म्हणाली. “पाहा आता, मी उठते.”

ती उठायला गेली आणि खरोखरच अटकली. मग मी एका बाजूनं आणि सिस्टर दुसऱ्या बाजूनं, अशी आम्ही तिला उचलली. वेदनेनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. “पाह्यलं ना? मी म्हनलं नव्हतं? दारव्ह्याचा डॉक्टर म्हने वात हाये.”

दारव्ह्याच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती शिक्षिका होती. शिकवायची मराठी, पण जीव होता खो-खोत. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली आणि पायात मुलांचे असतात तसे खेळाचे बूट. वय चाळिशीच्या आतबाहेर. लग्न केलं नव्हतं. मी एकदा सहज विचारलं तर म्हणाली, “बारा पोरी हायेत ना टीममधे. अजून कायले पाह्यजे?”

पोरी पळतात हे तिला फारसं कौतुकाचं वाटत नसे. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, जे तिनं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं आणि पुढेही बरेचदा ऐकवलं. “बसता आलं पाह्यजे, सर. पळनं त कुत्र्यालेही येते.” खो-खोत पाठलाग करणाऱ्यांपैकी एकजण पळतो आणि आठजण चौकोनात उकिडवे बसून असतात. सामना त्या आठजणांच्या बसण्यावर ठरतो, असं तिचं मत. कुणाची टाच किती उचलली आहे, वजन कोणत्या पायावर आहे, हे ती पोरींना स्वतः बसून दाखवायची, दिवसातून शंभर वेळा. तुम्हीही शाळेत असे एखादे शिक्षक पाहिले असतील, जे ‘असं कर’ कधीच म्हणत नाहीत, ‘असं पाह्य’ म्हणतात.

तर अशा बाईचा उजवा गुडघा अटकत होता. दोन हाडांच्या मध्ये असते ती गादी फाटून तिचा तुकडा मध्ये येत होता. मी चित्र काढून समजावलं.

“मंग शिवून द्या ना,” ती म्हणाली.

“शिवण्यासारखी नाही, मॅडम. फाटलेला काठ कापून काढावा लागेल. दुर्बिणीतून. दोन बारीक छिद्रं, बस.”

“पोरीयले बसून दाखवता येईन ना पुन्हा?”

“दोन महिन्यांत,” मी म्हणालो.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन देऊन तिचा कमरेखालचा भाग बधिर केला होता. बाकी ती पूर्ण जागी होती आणि टीव्ही तिच्याकडे वळवून ठेवा, असा तिचा हट्ट होता. बहुतेक पेशंट डोळे मिटून देवाचं नाव घेतात. ही स्वतःच्या गुडघ्याच्या आत काय चाललंय ते बघत होती आणि दर मिनिटाला काहीतरी विचारत होती. “ते लोंबून राह्यलं ते काय?” “हे मधलं दोरखंडासारखं कायचं हाये?” मला गंमत वाटत होती. हाडाच्या टोकावर कूर्चेचं पांढरं, गुळगुळीत आवरण असतं, शंखाच्या आतल्या बाजूसारखं. तिच्या गुडघ्यातलं ते पाहून मी बोललोही, “मॅडम, वीस वर्षांच्या मुलीसारखा गुडघा आहे तुमचा.”

“हो ना मंग!” ती म्हणाली.

आता जे सांगायचं आहे ते मी बऱ्याच प्रकारे सांगून पाहिलं आहे. स्वतःलाही. सरळच सांगतो.

तिच्या मांडीत इतकी ताकद होती आणि सांधा इतका आवळलेला होता, की आतल्या बाजूची फट उघडत नव्हती. माझा सहायक पाय रेटून धरत होता, तरीही अवजार मागे फाटलेल्या जागेपर्यंत सुटं जात नव्हतं. अशा वेळी काय करायचं हे मला माहीत होतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा सुईनं चार-पाच बारीक टोचे मारून किंचित सैल करायचा, की फट उघडते. पाच मिनिटांचं काम. पण त्या दुपारी एका मित्राच्या नव्या हॉस्पिटलचं उद्घाटन होतं, मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं आणि ऑपरेशन थिएटरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

मी सुई मागितली नाही. कातरीचं अवजार तसंच आत रेटलं.

हाताला एक खरखर लागली. पडद्यावर त्या शंखासारख्या पांढऱ्या गोलाईवर एक लांब चरा पडला आणि ओल्या खोबऱ्याच्या कापासारखा एक तुकडा पाण्यात तरंगत वर आला. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच पाहत राहिलो.

“ते पांढरं काय उडालं, सर?” ती म्हणाली.



“कचरा आहे, मॅडम,” मी म्हणालो. “साफ करतोय.”

आणि मी तो तुकडा नळीनं ओढून घेतला.

उद्घाटनाला मी वेळेवर पोहोचलो.

संध्याकाळी ऑपरेशनची नोंद लिहिताना मी इंग्रजीत लिहिलं, की कूर्चेवर खरवडल्याची खूण आढळली. इंग्रजीत अशी वाक्यं फार सहज लिहिता येतात. आढळली. जणू काही ती खूण आधीपासून तिथं होती आणि मी तिला फक्त भेटलो.

पहिले काही महिने बरे गेले. अटकणं थांबलं होतं. ती चालू लागली, पळूही लागली आणि तिनं माझी इतकी जाहिरात केली की मला रस्ता बदलावासा वाटायचा. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा अंगठा सुजला, की ती पोरीला घेऊन दारव्हा-यवतमाळ बसनं दवाखान्यात हजर. बाहेर बसलेल्या अनोळखी पेशंटांना सांगायची, “सरांनी माया गुडघ्यातला सगळा कचरा टीव्हीवर दाखवून काढला. असा डॉक्टर पाह्यला का कुठी? लपवाछपवी नाई काई.” माझ्या केबिनचं दार पातळ प्लायवूडचं आहे. मला सगळं ऐकू येई.

सहाव्या महिन्यात गुडघा सुजून आला. बसलं की दुखे, उठताना जास्त दुखे. मी तपासलं, पाणी काढलं. नेमकी कुठली जागा दुखते ते मी बोट न लावता सांगू शकलो असतो.

“मायंच काही चुकलं असन,” ती म्हणाली.

हीच ती वेळ होती. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर तिचं बसणं थांबवता आलं असतं, उपचारही लवकर झाले असते. कदाचित गुडघ्याचं एवढं वाटोळं झालं नसतं. मी तिच्या मांडीवर हात ठेवून स्नायू दाबून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, “व्यायाम कमी पडतोय, मॅडम.”

खरवडलं ते एका क्षणात, हात घाईत असताना. हे वाक्य मी शांतपणे, खुर्चीत बसून बोललो.

तिनं एक वही सुरू केली. शाळेची दोनशे पानी वही, तिला खाकी कव्हर, वर लेबल, लेबलवर ‘विषय : गुडघा’. मी हसलो तेव्हा. रोज कोणता व्यायाम किती वेळा केला ते ती सुवाच्य अक्षरात लिहायची आणि दर महिन्याला माझ्यासमोर ठेवायची. मी पानं उलटून सही करायचो, शिक्षकांनी मुलांच्या वहीवर करावी तशी. मी सांगितलेल्या व्यायामात तिनं स्वतःच्या मनानं बैठकांची भर घातली होती, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. ज्या जागेवर कूर्चा उरली नव्हती, त्या जागेवर ती रोज पन्नास बैठका मारत होती. मी त्या बंद करायला सांगितल्या. “कायले?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “सध्या नकोत.” एवढंच.

दरम्यान शाळेत बोलणी सुरू झाली. मॅडम ऑपरेशन होऊनही मैदानावर बसत नाहीत, उभ्यानं तोंडानंच शिकवतात. कुणी म्हणालं नाटकं आहेत, कुणी म्हणालं वय झालं. पोरी तालुक्याला हरल्या. हेडमास्तरांनी खेळ दुसऱ्या शिक्षकांकडे दिला आणि तिच्या वर्षाच्या गोपनीय अहवालात लिहिलं, ‘खेळाकडे दुर्लक्ष’. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. “एकोणीस वर्सांत कोनी हा शब्द माया नावापुढं लिवला नव्हता, सर. पन खोटं थोडी हाये? मीच कमी पडून राह्यली.”

ऑपरेशनला एक वर्ष आठ महिने झाले असतील. हिवाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. ती आली, दारात थांबली. मग गादीच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले, उजवा पाय पुढे सरळ लांबवला आणि हळूच बसली.

त्या खुर्चीत मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

तिनं वही टेबलावर ठेवली. मी सवयीनं पेन उघडलं आणि शेवटचं पान काढलं. आकड्यांच्या खाली एक ओळ होती. ‘आज एकच वेळा केले. दुखते म्हणून बसून राहिले. आळशीपणा. स्वतःची लाज वाटते.’

मी सही न करता पेन बंद केलं.

“मॅडम,” मी म्हणालो, “तुम्ही आळशी नाही.”

“तुमी चांगले मानसं हा, म्हनून म्हनता.”

“नाही. ऐका. ऑपरेशनच्या वेळी पडद्यावर जे पांढरं उडालं होतं, तुम्ही विचारलं होतं बघा, तो कचरा नव्हता. ती तुमच्या हाडावरची चांगली कूर्चा होती. माझं अवजार घासलं. म्हणून दुखतंय. व्यायामाचा काही संबंध नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादं पोरगं अनपेक्षित उत्तर देतं तेव्हा शिक्षक पाहतात, तसं काहीसं.

“तुमाले कवा समजलं हे?”

“तेव्हाच.”

“म्हंजे मी इचारलं तवा?”

“हो.”

“मी इचारलं तवाच तुमाले मालूम होतं?”

“हो, मॅडम.”

तिनं वही ओढून घेतली. एकेक पान उलटू लागली. मधल्या एका पानावर थांबली, त्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी ताप असतानाही तिनं दोनशे वेळा पाय उचलला होता आणि तसं लिहिलं होतं. खाली माझी सही होती.

“मंग हे मी कायले लिवलं?” तिनं विचारलं.

ती रागावली नाही, रडली नाही. वही पिशवीत टाकली, खुर्चीचे हात धरून उठली आणि गेली. बाहेर तिच्या ओळखीचं कुणीतरी बसलं होतं. त्यानं विचारलं, “काय म्हनते गुडघा, मॅडम?” ती म्हणाली, “हाये तसाच.” एवढं दारातून ऐकू आलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी बसलीच नाही.

“मले तुमच्याशी भांडाचं नाई,” ती म्हणाली. “कोर्टात जा म्हनून दोघातिघांनी सांगतलं. मले ते नाई कराचं. मले माया नावापुढचं ‘दुर्लक्ष’ खोडाचं हाये. तुमी लिवून द्या, काय झालं ते.”

मी तिला जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि एका वडीलधाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “वेडा आहेस का? तोंडी बोललास तेवढंच जास्त झालं. कागद देऊ नकोस.” ती बाहेर उभी होती. मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं, ‘शस्त्रक्रियेदरम्यान गुडघ्यातील कूर्चेला इजा झाली असून त्यामुळे सदर रुग्णास उकिडवे बसणे शक्य नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला आणि तिला आत बोलावलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. पर्समधून लाल पेन काढलं आणि ‘झाली’ या शब्दाभोवती गोल केला.

“कर्ता कुठी हाये, सर?”

“म्हणजे?”

“वाक्याले कर्ता लागते. सातवीतल्या पोराले समजते. इजा झाली. कोनी केली?”

मी दुसरा कागद घेतला. ‘शस्त्रक्रियेदरम्यान माझ्या हातून, मी आवश्यक काळजी न घेतल्यामुळे, इजा झाली.’ तिच्यासमोर धरला.

“हं,” ती म्हणाली. “आन एक वाक्य राह्यलं.”

तिला ते सांगावं लागलं नाही. मी लिहिलं, ‘ही गोष्ट मला त्याच वेळी माहीत होती, मी ती रुग्णापासून एक वर्ष आठ महिने लपवून ठेवली व दुखण्याचे कारण व्यायामाचा अभाव असे सांगितले.’ माझं अक्षर वाईट आहे. तिनं प्रत्येक शब्द जुळवून वाचला, एका ठिकाणी राहिलेला काना स्वतः दिला आणि दोन प्रती मागून घेतल्या.

ती निघाली तेव्हा मी म्हणालो, “माफ करा, मॅडम.”

ती दाराशी थांबली. तिनं खरंच विचार केला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली नाही.

“ते मले अजून जमलं नाई, सर. जमलं त सांगीन.”

पुढचं मला इकडून तिकडून कळलं. हेडमास्तरांनी तो कागद वाचला, वरच्या साहेबांकडे पाठवला आणि अहवालातला तो शब्द निघाला. कागद मिळाला त्याच दिवशी तिनं मैदानावर पोरींना गोळा करून सांगितलं होतं, “मी आळशी नव्हती वो. मायं दुखून राह्यलं होतं.” एका पोरीच्या वडिलांनी मला हे सांगितलं. ते मणक्याच्या दुखण्यासाठी आले होते आणि त्यांना माझा या गोष्टीशी काही संबंध असेल, याची कल्पना नव्हती.

तिनं नागपूरला दुसऱ्या डॉक्टरकडून पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. त्यांचा मला फोन आला. “तिच्या फाइलमध्ये तुमचं पत्र आहे,” ते म्हणाले. “असं कुणी लिहून देतं का हो?” मी विचारलं, गुडघा कसा आहे? ते म्हणाले, चालणं-फिरणं सुधारेल. उकिडवं बसणं विसरा.

तिच्या पोरींचं माझ्याकडे येणं बंद झालं. कुणाचा पाय मुरगळतच असेल, पण आता त्या दुसरीकडे जात असाव्यात. वर्षभर मी मंगळवारच्या सकाळी, म्हणजे ती यायची त्या वेळी, बाहेरच्या आवाजांकडे कान लावून बसायचो. मग ती बदली घेऊन उमरखेडकडच्या एका शाळेवर गेली. तिथं तिची बहीण राहते.

माझ्या कामात म्हणाल तर एकच फरक पडला. आता फट अरुंद दिसली की मी सुई मागतो. पाच मिनिटं लागतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. मध्ये एकदा घड्याळ लावून पाहिलं. चारच लागतात.

गेल्या डिसेंबरात उमरखेडला हाडांच्या तपासणीचं शिबिर होतं. ते आटोपून परत निघालो, तेव्हा गावाबाहेर रस्त्याला लागून एका शाळेचं मैदान दिसलं. दोन खांब, मध्ये पांढरी फक्की मारलेली, चौकोनांत आठ पोरी बसलेल्या. मी गाडी थांबवली. खरं सांगायचं तर मी त्या रस्त्यानं मुद्दामच आलो होतो.

ती पालथी झोपली होती. मैदानाच्या कडेला, धुळीत, पोटावर, हनुवटी जमिनीला टेकवून. मला आधी वाटलं पडली की काय. मग कळलं की ती पोरींच्या टाचा बघत होती. बसून दाखवता येत नाही, म्हणून जमिनीइतकं खाली जाऊन कोणाची टाच किती उचलली आहे ते पाहत होती. “चार नंबर, टाच टेकली तुयी!” ती झोपल्या झोपल्या ओरडली. “सहा नंबर, शाब्बास. तशीच राह्य.” पोरी अजिबात हसत नव्हत्या. त्यांच्यासाठी हे रोजचं असावं.

मी तारेच्या कुंपणाशी उभा होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

थोड्या वेळानं ती उठायला लागली. आधी दोन्ही तळहात जमिनीवर, मग डावा गुडघा पोटाखाली घेतला, उजवा पाय बाजूला लांब. एक पोरगी हात द्यायला धावली तशी तिनं तिला हटकलं, “तू आपल्या चौकोनात बस.” मग तिनं उजवा पाय आत ओढला आणि त्यावर भार टाकायला सुरुवात केली.

गुडघा किती वाकला की ती खरवडलेली जागा खालच्या हाडावर येते, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला इतकं नेमकं माहीत नसेल. मी पाहत होतो. अजून थोडं, अजून थोडं, आता. आणि तिचे ओठ आवळले गेले, अगदी त्याच ठिकाणी.

मग ती उभी राहिली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि पोरींकडे वळली.